गालातली गोळी

दात कोरून पोट भरत नाही, असं लोक म्हणतात. कवळीवाल्याचं मात्र सव्वीस वर्षं त्यावरच भरत होतं. घराच्या मागच्या खोलीत त्याचं काम चाले. दातांचे दोन डॉक्टर लोकांच्या तोंडाचे साचे पाठवत, आणि हा प्लास्टर ओतून, मेण कोरून, एकेक दात जागेवर बसवून कवळी तयार करून देई. गल्लीत लहानथोर सगळे त्याला कवळीवालेच म्हणत. फक्त त्याची थोरली बहीण त्याला छोट्या म्हणायची. छोट्या त्रेपन्न वर्षांचा होता, मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, आणि यकृतात हिपॅटायटिस सीचा विषाणू होता.

तो अंगात कधी शिरला हे नक्की कुणालाच सांगता येत नव्हतं. तरुणपणी एका अपघातानंतर त्याला दोन बाटल्या रक्त चढवलं होतं. बहुधा तेव्हाच, असं डॉक्टरांचं म्हणणं. दोन वर्षांपूर्वी आजार सापडला, बारा आठवडे गोळ्या झाल्या, आणि गोळ्या संपल्यावर तीन महिन्यांनी रक्त तपासलं तर पाहुणा पुन्हा हजर. आता दुसऱ्यांदा उपचार घ्यायचे होते. त्याच्या तयारीसाठी बहीणभाऊ त्या गुरुवारी सकाळी दवाखान्यात नर्सबाईंच्या टेबलासमोर बसले होते.

नर्सबाई चार पानी फॉर्म भरत होत्या. एकेक प्रश्न असा विचारत की पोरीला बघायला आलेल्यांनीही इतकं विचारू नये.

“दारू?”

“नाही.”

“ॲसिडिटीच्या गोळ्या?”

“घेतो कधीतरी.”

“कधीतरी कसलं?” ताई मध्येच म्हणाली. “रोज रात्री जेवण झालं की घेतो. मी बघते ना.”

“त्या बंद करायच्या. त्यांचं आणि या औषधाचं पटत नाही. पोटातलं आम्ल कमी झालं की औषध अंगी लागत नाही.” नर्सबाईंनी लिहून घेतलं आणि पान उलटलं. “मागच्या वेळी किती गोळ्या चुकल्या?”

कवळीवाल्याने तोंड उघडलं. त्यातून शब्द यायच्या आत ताईनेच उत्तर दिलं. “एकही नाही. चौऱ्याऐंशीच्या चौऱ्याऐंशी. रोज सकाळी आठला मी माझ्या हाताने त्याच्या हातावर ठेवायची आणि गिळेपर्यंत समोरून हलायची नाही. लिहा. एकही नाही.”

ताईने शाळेच्या ऑफिसात चौतीस वर्षं कारकुनी केली होती. तिने ‘लिहा’ म्हटलं की समोरच्याचं पेन आपोआप चालायचं. नर्सबाईंचं मात्र चाललं नाही. त्यांनी चष्म्यावरून कवळीवाल्याकडे पाहिलं.

“तुम्ही सांगा.”

“ताई म्हणते तसंच,” तो म्हणाला.

आत डॉक्टरीणबाईंनी त्याला आडवं झोपवून बरगड्यांमध्ये एक यंत्र टेकवलं. बोटाने टिचकी मारावी तसं ते दहा-बारा वेळा आतून टकटकलं. यकृत थोडं कडक झालंय, पण हाताबाहेर गेलेलं नाही, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी फॉर्म वाचला आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली.

“एकही गोळी न चुकता आजार उलटला, तर दोनच गोष्टी असू शकतात. विषाणू औषधाला सरावलाय, नाहीतर औषधातच काही खोट होती. सरावला असेल तर या वेळी जोडीला आणखी एक गोळी, आणि चोवीस आठवडे. त्या गोळीने रक्त कमी होतं. तुमचं मुळातच कमी आहे. धाप लागेल, थकवा येईल. काम जपून करावं लागेल.”

“चालेल,” कवळीवाला म्हणाला. ते इतक्या पटकन म्हणाला की डॉक्टरीणबाईंनी मान वर केली.

“आणि दुसरी शक्यता तपासायची तर मला हे निवेदन औषध तपासणाऱ्या ऑफिसला पाठवावं लागेल. कुठल्या दुकानातून घेतलं, सगळ्या गोळ्या घेतल्या, तरी गुण आला नाही. ते पुन्हा चौकशी करतील. पुढच्या गुरुवारी या, तोवर रक्ताचे रिपोर्ट येतील. तेव्हाच सही करा.”

“अवश्य पाठवा,” ताई म्हणाली. “मागच्या वेळी सुटला तो औषधवाला. या वेळी सुटता कामा नये.”

घरी जाताना वाटेत औषधवाल्यांचं दुकान लागे. ताईने नेहमीप्रमाणे रस्ता ओलांडून पलीकडची बाजू धरली. कवळीवाला तिच्या मागून गेला, पण त्याची नजर गेलीच. काचेआड औषधवाले एकटेच स्टुलावर बसले होते. पूर्वी या वेळेला दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. आता अर्धी कपाटं रिकामी होती आणि मदतीला असलेली दोन्ही माणसं गेली होती. हे सगळं एका गोळीने केलं होतं. गोळीने तरी कशाला म्हणा, त्यानेच केलं होतं.

झालं होतं ते असं. मागच्या उपचारात आठ आठवडे त्याने नेमाने गोळ्या घेतल्या. आठव्या आठवड्याचा रिपोर्ट आला: रक्तात विषाणू नाही. ताईने तो कागद तीनदा वाचला आणि डोळे पुसले. पण गोळीने त्याचं डोकं जड व्हायचं, दुपारी अंगात त्राण राहायचं नाही. त्याच दिवसांत वृद्धाश्रमाचं काम आलं होतं, अकरा कवळ्या एकदम. त्यातली एक परत आली. वरचे दात खालच्यांवर बसत नव्हते. सव्वीस वर्षांत त्याची कवळी पहिल्यांदा परत आली होती. दातांचे डॉक्टर नुसती कवळीची डबी टेबलावर ठेवून गेले, आणि तेच त्याला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ताईने गोळी हातावर ठेवली. त्याने ती तोंडात टाकली, पाणी प्यायला, आणि गोळी गालात ठेवून दिली. वरच्या शेवटच्या दाढेच्या मागे, गालाच्या कडेला एक खोबण असते. तोंडातल्या अशा जागा त्याच्याइतक्या कुणाला ठाऊक असणार? ताईने ‘आ कर’ म्हटलं असतं तरी तिला दिसली नसती. मागच्या खोलीत जाऊन त्याने ती प्लास्टरच्या गाळात थुंकली. त्या दिवशी डोकं दुखलं नाही, निदान दुखलं नाही असं त्याला वाटलं. रक्तात काही नाही म्हणजे नाही, मग उगाच कशाला, असं त्याने स्वतःला समजावलं. एक दिवसाचे दोन झाले, दोनाचे चार. शेवटच्या अठ्ठावीस गोळ्यांपैकी त्याच्या पोटात दोन गेल्या.

तीन महिन्यांनी आजार उलटल्याचं कळलं तेव्हा खरं बोलायची वेळ होती. पण ताई रिपोर्ट हातात घेऊन म्हणाली, “तू काही चुकला नाहीस, मी साक्षीदार आहे. औषधच खोटं होतं.” आणि तो गप्प राहिला. त्याला वाटलं, दोन दिवस बडबडेल आणि विसरेल. ताई तशीच उठून दुकानात गेली. भर गर्दीत, सगळ्यांसमोर, ऑफिसात कमावलेल्या आवाजात तिने औषधवाल्यांना विचारलं, “माझ्या भावाला बनावट गोळ्या विकताना हात कसा थरथरला नाही तुमचा? चोर आहात तुम्ही!”

ताई कधी खोटं बोलत नाही हे सगळी गल्ली जाणून होती. म्हणून तर तिचं बोलणं खरं धरलं गेलं. तिने अर्ज केला. तपासणीवाले आले, दुकान पाच आठवडे बंद राहिलं. दुकानातल्या सगळ्या बाटल्या चोख निघाल्या. पण कवळीवाल्याची शेवटची बाटली रिकामी झालेली, तिच्याबद्दल काही सांगता येत नाही, असं त्यांनी लिहून दिलं. लोकांना तेवढं पुरलं. आग नसताना धूर कसा निघेल, असं म्हणत जो तो चार पावलं पुढच्या दुकानात जाऊ लागला.

तो गुरुवार ते पुढचा गुरुवार, मधल्या दिवसांत ताई उपचाराची तयारी अशी करत होती, जणू घरात कुणाची परीक्षा आहे. ॲसिडिटीच्या गोळ्या शोधून शोधून फेकल्या. त्याच्या सगळ्या औषधांची यादी सुवाच्य अक्षरात लिहिली. जोडीच्या गोळीने रक्त कमी होणार म्हणून काय खायला घालायचं ते नर्सबाईंना फोन करून विचारलं. शनिवारी ती त्याच्या खोलीच्या दारात येऊन म्हणाली, “सहा महिने तू काम कमी घे. माझ्या पेन्शनीत दोघांचं भागेल. कवळ्या कुठे पळून जात नाहीत.”

तिच्या त्या बोलण्याने त्याच्या हातातली मेणाची सुरी थांबली. जोडीची गोळी त्याला मनातून हवी होती. रक्त कमी होऊ दे, धाप लागू दे, सहा महिने लोळागोळा होऊन पडू दे. केलं त्याची फेड तरी होईल, असा त्याने गुपचूप हिशोब मांडला होता. पण फेड करायची त्याने, आणि कष्ट उपसायचे ताईने. शिवाय गुरुवारी त्याची सही झाली की तपासणीवाले पुन्हा त्या दुकानाच्या पायऱ्या चढणार. गप्प राहणं वेगळं आणि सही करणं वेगळं. पहिल्यात माणूस भित्रा ठरतो. दुसऱ्यात काय ठरतो, ते त्याला स्वतःशीही म्हणवेना.

मंगळवारी कवळी पोचवायचं निमित्त काढून तो एकटाच दवाखान्यात गेला. नर्सबाई रक्ताच्या नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होत्या.

“बाई, त्या फॉर्मात एक चुकलंय,” तो उभ्याउभ्याच म्हणाला. “गोळ्या चुकल्या होत्या. सव्वीस.”

“बसा.”

तो बसला आणि दाढेमागच्या खोबणीपासून प्लास्टरच्या गाळापर्यंत सगळं सांगून मोकळा झाला. त्याला वाटलं होतं, बाई ओरडतील. त्यांनी फॉर्म काढला, जुन्या उत्तरावर रेघ मारली आणि शेजारी आकडा लिहिला.

“गुरुवारी तुमचा चेहराच सांगत होता,” त्या म्हणाल्या. “या खुर्चीत बसून असं सांगणारे महिन्यातून दोन तरी येतात. गालात ठेवण्याची करामत मात्र नवीन आहे.” मग त्या गंभीर झाल्या. “औषधाने त्रास होत होता तर सांगायचं होतंत. डोकेदुखीवर इलाज असतो. आता विषाणू सरावलाय की नाही त्याची वेगळी तपासणी करू. नसेल तर डॉक्टरीणबाई जोडीची गोळी देणारच नाहीत. तुम्ही आज बोलला नसतात तर सहा महिने उगाच रक्त आटवलं असतंत.”

“आणि ते निवेदन?”

नर्सबाईंनी ते कागदांतून काढलं, दोन तुकडे केले आणि टोपलीत टाकले. “हे झालं. बाकीचं माझ्या हातात नाही.”

बाकीचं म्हणजे ताई. घरी आला तेव्हा ती खिडकीशी बसून त्याच्या शर्टाची बटणं घट्ट करत होती. त्याने पाण्याचा घोट घेतला, खुर्ची ओढली, पुन्हा उठला.

“बस की एका जागी. काय झालंय?”

“ताई, औषध खरं होतं.”

“कुठलं औषध?”

“मागचं. मीच नाही घेतलं. शेवटचे चार आठवडे मी गोळी गालात धरायचो आणि आत जाऊन थुंकायचो.”

ताईच्या हातातली सुई कापडातच राहिली. आपणच तपासून शिक्का मारलेला दाखला खोटा निघालाय, असं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर होतं.

“माझ्यासमोर?”

“तुझ्यासमोर.”

“मी तिथे उभी असायची रे. मी तुझ्याकडे बघत असायची.”

“हो.”

त्याला वाटलं, आता ती त्याच्या जिवाबद्दल बोलेल, यकृताबद्दल बोलेल, कशी अक्कल गहाण टाकलीस असं म्हणेल. ती तसलं काही बोलली नाही. अगदी हळू म्हणाली, “मी त्या माणसाला भर दुकानात चोर म्हणाले. माझ्या तोंडाने. माझ्या तोंडावर लोकांनी विश्वास ठेवला.” मग शर्ट घडी करून बाजूला ठेवला, आत गेली आणि दार लावून घेतलं. रागाने आपटलं असतं तर बरं वाटलं असतं. तिने ते हळूच लावलं.

तो दारापाशी गेला. “ताई, मी आत्ताच जाऊन येतो त्यांच्याकडे.”

“जा,” आतून आवाज आला. “माझ्या वतीने काही बोलू नकोस.”

दुकानात कुणी नव्हतं. औषधवाल्यांनी त्याला पाहिलं आणि स्टुलावरून उठले नाहीत. त्यांच्या तोंडातले वरचे पुढचे चार दात कवळीवाल्यानेच बनवले होते, सात-आठ वर्षांपूर्वी. रंग इतका जुळला होता की कुणाला ओळखू येत नसे. आता त्या दातांकडेच बघत त्याने सगळं सांगितलं, कारण डोळ्यांकडे बघवेना.

औषधवाले ऐकत राहिले. मध्ये एकदा एक बाई दारापर्यंत आली, आत दोघांना तसं पाहून परत गेली.

“दीड वर्ष,” शेवटी ते म्हणाले. “तुम्ही रोज समोरून जाता. मी तुमच्याकडे बघायचो. मला वाटायचं, हा बिचारा आजारी माणूस, माझ्यामुळे तर नाही ना? मी त्या पेटीचे कागद कितीदा तपासले माहीत आहे? शंभरदा. कुठून आली, कुणी आणली, किती दिवस वाटेत होती. मलाच माझा संशय यायला लागला होता.”

“माझं चुकलं. मी हात जोडतो.”

“जोडू नका.” ते उठले. “माझी आई माझ्याजवळ असायची. तिच्या कानावर गेलं होतं. शेवटपर्यंत मध्येच विचारायची, तू खरंच काही केलं नाहीस ना रे? मी सांगायचो, नाही गं. ती मान हलवायची. पण पुन्हा चार दिवसांनी विचारायची. आठ महिने झाले तिला जाऊन. आता तिला कोण सांगणार, सांगा.”

कवळीवाला तसाच उभा राहिला. पाय निघून जायला बघत होते, पण त्याने ते हलू दिले नाहीत.

थोड्या वेळाने औषधवाल्यांनी गल्ल्यातून कोरा कागद आणि पेन काढून काउंटरवर ठेवलं. “लिहा. माफीबिफी काही नको. काय केलंत तेवढं लिहा, खाली सही करा. मी दारावर लावणार आहे.”

त्याने लिहिलं: ‘या दुकानातून घेतलेलं माझं औषध खरं होतं. मी ते घेतलं नाही, चोरून थुंकलं, आणि दोष यांच्यावर येऊ दिला.’ खाली सही केली, आणि सही कुणाला वाचता येत नाही म्हणून कंसात ‘कवळीवाले’ असंही लिहिलं. औषधवाल्यांनी त्याच्यासमोरच तो कागद चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी लावून दाराच्या काचेवर चिकटवला.

गल्लीत ती बातमी वणव्यासारखी पसरली. कुणी हसलं, कुणी तोंडावर बोललं. दोन दिवस साचे आले नाहीत. दातांच्या एका डॉक्टरांनी फोन करून ‘तुम्ही असं कराल वाटलं नव्हतं’ म्हटलं आणि मग तिसऱ्या दिवशी पाठवले. हे सगळं त्याने मुकाट्याने घेतलं.

पुढच्या बुधवारी ताई स्वतः निघाली. कुठे चाललीस, असं विचारायची त्याची हिंमत झाली नाही; तो नुसता मागे मागे गेला आणि पलीकडच्या फुटपाथवर थांबला. तिने मुद्दाम संध्याकाळची गर्दीची वेळ निवडली होती. चार-पाच माणसं कागद वाचायलाच जमली होती. ताई दुकानाच्या मधोमध उभी राहिली आणि मागे ज्या आवाजात बोलली होती त्याच आवाजात म्हणाली, “मी यांना इथेच, सगळ्यांसमोर चोर म्हणाले होते. ते खोटं होतं. पडताळा न घेता बोलले. माझा शब्द मी परत घेते.” रस्त्यापलीकडे त्याला शब्दन् शब्द ऐकू आला. मग ती पिशवीतून चिठ्ठी काढून काउंटरवर ठेवत म्हणाली, “माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या द्या. एका महिन्याच्या.”

औषधवाल्यांनी चिठ्ठी वाचली आणि गोळ्या मोजून दिल्या.

ताईशी त्याचं बोलणं नीट सुरू व्हायला तीन आठवडे लागले. तोवर ‘जेवण झाकून ठेवलंय’ एवढंच. दरम्यान तपासणीचा निकाल आला: विषाणू औषधाला सरावलेला नव्हता. डॉक्टरीणबाईंनी जोडीच्या गोळीवर काट मारली आणि नव्या औषधाचे बारा आठवडे ठरवले. पहिल्या दिवशी त्याने बाटली ताईपुढे केली. तिने हात मागे घेतला.

“मी पहारा करून काय झालं ते बघितलं आपण. तुझा जीव आहे, तू घे. त्रास झाला तर मात्र तोंड उघड.”

त्रास झाला. दुसऱ्याच आठवड्यात डोकं चढलं. त्याने दवाखान्यात फोन केला, नर्सबाईंनी उपाय सांगितला, आणि दातांच्या दोघा डॉक्टरांनाही त्याने सांगून टाकलं की या तीन महिन्यांत काम हळू होईल. बारा आठवडे संपले. त्यानंतरचे बारा आठवडे वाट बघण्यात गेले. मग शेवटचं रक्त दिलं, आणि रिपोर्ट आला. विषाणू सापडला नव्हता. नर्सबाईंनी पाठीवर थाप मारली, ताई तिथेच बाकावर बसून रडली. त्यालाही आनंद झाला. पण आनंदाच्या मागे लगेच ती म्हातारी बाई येऊन उभी राहिली, जिला त्याने कधी पाहिलंही नव्हतं, आणि विचारू लागली, तू खरंच काही केलं नाहीस ना रे?

ताईला घरी पोचवून तो दुकानात गेला. आत तीन गिऱ्हाईकं होती. पूर्वीइतकी नव्हती, पण होती. औषधवाल्यांनी हातातलं काम न थांबवता विचारलं, “काय आलं?”

“काही निघालं नाही रक्तात.”

“या वेळी सगळ्या घेतल्यात?”

“सगळ्या.”

औषधवाल्यांनी मान हलवली. “बरं झालं,” ते म्हणाले, आणि पुढच्या गिऱ्हाइकाची चिठ्ठी घेतली.

काचेवरचा कागद अजून होता, उन्हाने पिवळा पडलेला. तो काढा, असं कवळीवाल्याने म्हटलं नाही. म्हणायचा विचारही त्याच्या मनात आला नाही. तो बाहेर पडला आणि घरी कामाला गेला.